थंड रांगेतल्या बरण्या

"ती थंड रांग आता बंद करून टाका," प्रमुखबाई म्हणाल्या. "तिथे काही घडतच नाही." आणि लगेच त्या पुढच्या विषयाकडे, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या गळक्या नळाकडे वळल्या. बोलताना त्यांनी कागदावरून नजर उचलली नव्हती, आवाजात राग नव्हता, टोमणा तर मुळीच नव्हता. त्यांना कपाट मोकळं हवं होतं, एवढंच. तरी टेबलाच्या टोकाला बसलेल्या मोजणीदाराला सदऱ्याच्या तिसऱ्या बटणामागे काहीतरी टोचलं. त्याने आधी खिशातलं पेन चाचपून पाहिलं. टोपण जागच्या जागी होतं. मग त्याने बैठकीतल्या बाकीच्यांकडे पाहिलं. कुणाला काही टोचल्याचं दिसत नव्हतं. समोरचा गृहस्थ बिस्कीट चहात बुडवून ते नेमकं केव्हा काढावं या विचारात होता, आणि तेवढ्यात बिस्कीट चहात पडलं.

मोजणीदार हे काही त्याचं नाव नव्हे. पण पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत त्याला दुसऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं, आणि एखाद्या कागदावर स्वतःचं खरं नाव दिसलं की त्यालाही क्षणभर वाटायचं, हा गृहस्थ कोण. शहर ज्या तलावाचं पाणी पितं त्या तलावात नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढे दिसणारे जीव तरंगत असतात. त्यांतल्या एका जातीला जलपिसू म्हणतात. पिसूशी तिचं नातं एवढंच, की तीही उड्या मारत चालल्यासारखी पोहते. ती पाण्यातलं बारीक हिरवं शेवाळ खाते. जलपिसवा भरपूर असल्या की तलाव नितळ. त्या कमी झाल्या की पाणी हिरवं पडतं, गाळण्या तुंबतात आणि शहरातली माणसं नळाखाली ग्लास धरून नाकं मुरडतात. म्हणून त्या किती आहेत, पोटुशी किती, रोडावलेल्या किती, हे कुणीतरी मोजत बसावं लागतं. तो कुणीतरी म्हणजे हा. ऐन तारुण्यात तो या सूक्ष्मदर्शकावर वाकला, आणि आता सरळ उभा राहिला तरी थोडा वाकलेलाच दिसायचा.

अलीकडे तलावाचं पाणी लवकर तापायला लागलं होतं, आणि तापलेल्या पाण्यात या जीवांचं काय होतं ते पाहायला प्रमुखबाईंनी तीन कपाटं मांडली होती. काचेच्या दारांची, आत दिवा असलेली, एक थंड, एक मधलं, एक गरम. प्रत्येकात बरण्यांची रांग. निम्म्या बरण्यांना पोटभर शेवाळ, निम्म्यांना जिवापुरतं. बाकीचे लोक त्यातून रेषा काढत आणि त्या रेषा मोठ्या पडद्यावर दाखवत. मोजणीदाराच्या डोक्यात मात्र रेषा नव्हत्या, घरं होती. गरम कपाटातली पोटभर खाणारी घरं म्हणजे नुसती धावपळ. आठवड्यात आई, पंधरवड्यात आजी, बरणीत उभं राहायला जागा नाही, आणि मग एके दिवशी सगळं शेवाळ फस्त होऊन घरच्या घर आडवं. गरम कपाटातली उपाशी घरं त्याला बघवत नसत. लोकांना वाटतं, ऊब म्हणजे सुख. ऊब म्हणजे खर्च. पाणी उबदार झालं की त्या इवल्या जिवाचं हृदय इतकं झरझर चालायला लागतं की ठोके मोजता येत नाहीत. नुसतं जिवंत राहायलाच दुप्पट खाणं लागतं, आणि वरून येणारा थेंब तेवढाच. त्या लहानखुऱ्याच राहतात, घाईघाईने एखाददुसरं पिल्लू टाकतात आणि संपतात. आणि थंड कपाटातली उपाशी घरं? ती टिकतात. त्यांचं कसं काय चाललंय कोण जाणे, पण चाललेलं असतं. हृदय सावकाश, मनातल्या मनात आकडे म्हणत मोजावं इतकं सावकाश. खाणं कमी, खर्चही कमी. वाढ जवळजवळ नाहीच. गरम रांगेत पिढ्या येऊन गेल्या, आणि थंड रांगेत त्याच त्या बाया, तशाच, जिथल्या तिथे. काही घडत नाही, हे खरंच होतं. बाईंच्या बोलण्यात चूक काढायला जागा नव्हती, आणि तेच वाईट होतं.

बैठक संपून जिना उतरताना, दुसऱ्या वळणावर, जिथे कठड्याचा रंग हात लागून लागून उडालाय तिथे, त्याला आठवलं की हेच वाक्य त्याने आदल्या संध्याकाळी ऐकलं होतं. बायको स्वयंपाकघरात फोनवर लेकीशी बोलत होती. लेक दुसऱ्या शहरात असते. तिचं बाळ नुकतं रांगायला लागलंय. बायको म्हणत होती, "अगं, इथे काय, इथे काही घडतच नाही. रविवारी येतेच आहे की." तेव्हा तो बाहेरच्या खोलीत बुटाची नाडी सोडवत होता. त्याने ते ऐकलं आणि नाडी सोडवली. तेव्हा काही टोचलं नाही. म्हणजे टोचलं असणार, पण निरोप पोचायला पुरा एक दिवस लागला. थंड पाण्यात असंच होतं. सुई लावली तर जलपिसू हलते, पण जरा वेळाने.

रविवारचं तिकीट होतं. एक-दोन महिन्यांसाठी, असं दोघंही म्हणत होते, आणि तिसऱ्यांदा म्हणताना दोघांनीही एकमेकांकडे पाहायचं टाळलं होतं. पण मोजणाऱ्याच्या नजरेला कोण काय करणार. बॅग अंथरुणाशेजारी उघडीच असायची आणि येता-जाता दिसायची. उन्हाळ्याचे कपडे, ठीक आहे. थंडीचे कपडे, बरं. चष्म्याच्या दुकानातले तिचे बारके स्क्रू-ड्रायव्हर, मऊ कापडात गुंडाळलेले. असू देत, बाळाची खेळणी दुरुस्त करील. आणि तिची उशी. तिथे तो थबकला होता. पाहुणं म्हणून जाणारं माणूस उशी नेत नाही. उशी राहायला जाणारं माणूस नेतं. तिची ती चपटी, एका कोपऱ्यात गाठ धरलेली उशी, जिच्यावरून लेक लहानपणी तिला "आई, ही उशी आहे की पोळपाट?" म्हणून चिडवायची, ती बॅगेच्या तळाशी घडी होऊन बसली होती. गेले दोन दिवस ती सोफ्यावरची गादी डोक्याखाली घेऊन झोपत होती आणि सकाळी मान धरून उठत होती. त्याने विचारलं नव्हतं. विचारायचं काय? मान का दुखते, असं? उत्तर दोघांनाही ठाऊक होतं.

त्या दिवशी तो लवकर निघाला. बसच्या खिडकीत काचेवर त्याचाच चेहरा आणि त्यातून आरपार जाणारी दुकानं. एका चष्म्याच्या दुकानाची पाटी गेली. तिचं दुकान नव्हे, तसलंच एक. तिच्या दुकानात तो पहिल्यांदा गेला तेव्हा त्याच्याजवळ डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी होती आणि अंगात नवा सदरा. तिने छोटी पट्टी त्याच्या नाकावर टेकवली आणि म्हणाली, "माझ्या डाव्या डोळ्याकडे बघा." त्याने पाहिलं. "आता उजव्या." त्याने पाहिलं, आणि मग पुन्हा डाव्याकडे पाहिलं, न सांगता. "हलू नका, माप चुकेल," ती म्हणाली. "दिवसभर काय बघता एवढं, डोळे लाल झालेत." आणि हा, ज्याच्या तोंडून एरवी शब्द काढायचा तर चिमटा लावावा लागे, हा बोलायला लागला. मागे गिऱ्हाइकं ताटकळत होती. तो सांगत होता, त्या आरपार दिसतात, आतलं सगळं दिसतं, हृदय दिसतं, काय खाल्लं ते दिसतं, पाठीतल्या पिशवीतली पिल्लं दिसतात. "मग खोटं कसं बोलतात?" तिने विचारलं. तो हसला. डोळा एकच असतो, तो म्हणाला, म्हणजे अंड्यात असताना दोन असतात, मग ते सरकत सरकत मिळून एक होतात. "लग्न झाल्यासारखे," ती बोलून गेली आणि एकदम खाली बघून ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधायला लागली, ते तिला बराच वेळ सापडेना. चष्मा घ्यायला तो सांगितलेल्या वेळेच्या आधी दोनदा जाऊन आला. तेव्हा पाणी उबदार होतं आणि खाणं मुबलक. तो रोज बोलायचा. आज एकीच्या शेपटीचा काटा लांब होता. आज एक आख्खी बरणी नर झाली. तिला ते फार आवडलं होतं, की बऱ्या दिवसांत माद्या नरांवाचून आपल्या आपणच पिल्लं घालतात आणि नर जन्माला येतात ते नुसते अडचणीच्या काळात. "शहाण्या आहेत तुमच्या पिसवा," ती म्हणायची.

पुढे कधीतरी ती रोज विचारायला लागली, "काय झालं आज?" आणि तो म्हणायला लागला, "काही नाही." यात खोटं नव्हतं. काल होत्या त्यातल्या इतक्या राहिल्या, इतक्या गेल्या, शेवटचा आकडा मांडला, टेबल पुसलं, घरी आला. त्याच्या हिशेबाने 'काही नाही' हे पूर्ण उत्तर होतं. कुणी मेलं नाही, काही फुटलं नाही, काळजीचं कारण नाही. ती ते ऐकून मान हलवायची आणि वाढायला घ्यायची. लेक झाली, शाळेत गेली, तिच्या परीक्षा, तिचे रुसवे, तिचं लग्न, घरात तेवढा आवाज होता म्हणून चाललं. मग लेक गेली. बायकोने दुकान सोडलं. आणि तिचा तो प्रश्न, तो नेमका केव्हा थांबला? इथे मोजणीदार अडला. ज्याला एकेका बरणीतली एकेक मेलेली जलपिसू ठाऊक, त्याला हे सांगता येईना. तो प्रश्न एकदम मेला नव्हता. तो आधी रोजचा दिवसाआड झाला, मग आजारपणापुरता, आणि मग एका संध्याकाळी आला नाही, तेव्हा याने बहुधा सुटकेचा श्वास टाकून पेपर उघडला असेल.

तर त्या दिवशी तो घरी लवकर गेला. वाटेत फुलं घ्यावीत असं मनात आलं, पण फुलं घेऊन गेलो तर ती आधी विचारील, कोण गेलं. म्हणून रिकाम्या हातानेच गेला. ती ओट्यापाशी उभी होती, बटाटे उकडून झाले होते, ती ते सोलत होती आणि गरम म्हणून बोटांनी झेलत होती. तो दाराच्या चौकटीत उभा राहिला. बसमध्ये त्याने एक वाक्य तयार केलं होतं आणि ते त्याने जसंच्या तसं म्हणून टाकलं.

"तू गेलीस की मला घर खायला उठेल."

तिने सोललेला बटाटा ताटलीत ठेवला. ओला हात पदराला पुसला, पुढे आली आणि हाताची मागची बाजू त्याच्या कपाळाला लावली.

"ताप तर नाही," ती म्हणाली. "कुणी काही बोललं का ऑफिसात?"

"नाही."

"छातीत दुखतंय?"

"अगं, दुखायचं कशाला..." त्याने तिचा हात धरला. हे त्याने किती काळात केलं नव्हतं कोण जाणे; हात त्याच्या हातात नीट बसेना, बोटं कुठे ठेवायची तेच दोघांना कळेना. तिच्या तोंडावर क्षणभर काहीतरी आलं, पण ते हसू नव्हतं. ती भ्यायली होती. अंधाऱ्या खोलीत कुणी एकदम दिवा लावावा आणि आतल्या माणसाने आधी पदर सावरावा, तशी तिने मान वळवली आणि म्हणाली, "दूध उतू जाईल." गॅसवर दूध नव्हतंच. हे दोघांनाही दिसत होतं. तिने हात सोडवून घेतला, आणि जेवताना ती एरवीपेक्षा जास्त बोलली, फोनच्या बिलावर, खालच्या मजल्यावरच्यांच्या कुत्र्यावर, जणू घरात परकं माणूस बसलंय आणि त्याला अवघडल्यासारखं वाटू नये. उठल्यावर ती बॅगेपाशी गेली आणि बाहेर राहिलेली शालसुद्धा तिने आत भरली. ते त्याने पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऊब दाखवली आणि त्याने एक शाल कमावली, तीही तिच्या बॅगेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो थंड कपाटासमोर उभा राहिला तेव्हा शीतयंत्राचा मेकॅनिक मागचं झाकण काढून खाली बसला होता. हा माणूस प्रत्येक यंत्राशी बोलायचा आणि माणसांची खोड काढायचा. "साहेब, बंद करताय म्हणे," तो खालूनच म्हणाला. "सगळ्यांत गुणी कपाट हेच. गरमवालं आठवड्याला एकदा फुगून बसतं, मधलं कुरकुरतं. याची एक तक्रार नाही. म्हणून याच्याकडे कुणी फिरकत नाही."

"तू फिरकतोस ना."

"मी आज आलो तो हे काढायला. बघा म्हणजे." त्याने स्क्रू तोंडात धरला आणि त्यातूनच विचारलं, "यांच्यात म्हणे नवरे लागतच नाहीत?"

"बरे दिवस असले तर नाहीत लागत."

"आणि वाईट आले की आमची आठवण. आमच्या घरी उलटं आहे. वाईट दिवस आले की आधी मलाच बाहेर काढतात."

मोजणीदार हसला, पण त्याचं लक्ष बरणीत होतं. थंड आणि उपाशी रांगेतली ती थोराड, फिकट बाई, जिला तो मनातल्या मनात थोरली म्हणायचा. तिला त्याने पिपेटने अलगद उचलून काचेवर घेतलं आणि सूक्ष्मदर्शकावर वाकला. हृदय सावकाश चाललं होतं. आणि पाठीच्या पिशवीत एक अंडं होतं. एकच. गरम, भरल्या घरातल्या बाया एका वेळी घोळकाभर घालतात, बारकी बारकी. हिने एकच घातलं होतं, पण केवढं. आत तेलाचा पिवळा थेंब टचटचीत भरलेला. उपाशी आई असंच करते. पोरं कमी, पण जे होईल त्याला शिदोरी बांधून देते, कारण बाहेर काय वाढून ठेवलंय ते तिला पुरतं ठाऊक असतं. काही घडत नाही, म्हणाल्या बाई. ही गेले कित्येक दिवस, त्या जिवापुरत्या थेंबातला थेंब वाचवून, हे घडवत बसली होती.

तो तडक प्रमुखबाईंच्या खोलीत गेला. बाई वाईट नव्हत्या. वयाने लेकीएवढ्या, डोळ्यांखाली झोप साठलेली, टेबलावर अर्धा खाल्लेला डबा. "मॅडम, थंड रांग ओतून देऊ नका," तो म्हणाला. "मी त्या बरण्या गरम कपाटात हलवतो. पण मला वेळ लागेल."

"बरण्या उचलायच्या आणि शेजारी ठेवायच्या. त्यात वेळ कसला?"

"मरतील."

"का? उलट ऊब मिळेल की."

"उबेनेच मरतील. त्यांना सवय आहे कमी खायची. पाणी एकदम उबदार केलंत तर भूक पेटेल, आणि पोटात काही नाही. जेवढी ऊब जास्त तेवढं आधी साठलेलं लागतं. म्हणून आधी थंडीतच खाणं वाढवायचं. तेही थोडं थोडं. एकदम ओतलं तर पाणी नासतं. अंगात जरा तेल धरलं की मग रोज एकेक अंश. आधी खाणं, मग ऊब. आपण नेमकं उलट..."

तो थांबला. वाक्य तसंच हवेत राहिलं. त्याला समोर बाई दिसत नव्हत्या. ओला हात पदराला पुसणारी, मान वळवणारी, नसलेलं दूध उतू जाईल म्हणणारी ती दिसत होती. आयुष्यभर ज्या गोष्टीत त्याने हाताखालच्या पोरासोरांची चूक होऊ दिली नाही, ती त्याने काल स्वतःच्या स्वयंपाकघरात, दाराच्या चौकटीत उभं राहून, बिनदिक्कत केली होती. इतकी वर्षं थेंबथेंब, आणि काल एकदम उकळतं पाणी.

"तुम्ही बरे आहात ना?" प्रमुखबाईंनी विचारलं.

"आहे."

"बसता का?"

"नाही. मोजायचंय."

बाईंनी त्याच्याकडे जरा पाहिलं, मग चमचा डब्यात फिरवला. "घ्या वेळ," त्या म्हणाल्या. "मेकॅनिकला सांगते, सध्या झाकण लाव म्हणून. पण कपाट मला लागणार आहे, काका. कायमचं नाही ठेवता येणार."

कायमचं कुणालाच काही ठेवता येत नाही, असं म्हणावंसं त्याला वाटलं, पण ते फार शहाणपणाचं वाटून त्याने गिळलं. दिवसभर तो थंड रांगेपाशी बसला. प्रत्येक बरणीत नेहमीचा थेंब, आणि वर अर्धा. त्याहून जास्त नाही. हात शिवशिवत होता, आख्खी बाटली ओतावी असा. हिरवा थेंब पाण्यात उतरून धुरासारखा पसरायचा आणि तळाशी बसलेल्या त्या थकलेल्या बाया जराशा हलायच्या, घाई नाही, उत्साह नाही, खाणं जास्त आलंय यावर विश्वासच नसल्यासारख्या. त्याला वाटलं, एखादी वर येऊन विचारील, कुणी काही बोललं का ऑफिसात?

दमणूक त्याला आताशा पायांपासून चढायची. घरी जाताना ती गुडघ्यांपर्यंत आली होती. बसमध्ये त्याने काल वाक्य तयार केलं तसं आज केलं नाही. रविवार कुठे जाणार नव्हता. लेकीला खरंच हात हवा होता, बाळ खरंच रांगत होतं. ती गेली तर त्यात अन्याय कुणावरच नव्हता. तिला थांब म्हणायचा हक्क त्याने केव्हाच, एकेका 'काही नाही'ने, खर्चून टाकला होता. मग आता काय उरलं? तिने परत यावंसं वाटावं एवढं काही तिच्याजवळ जमेला असावं, ते तरी. तेही होईलच असं नाही. कमी दिवसांत अंगात तेल धरत नाही.

ती झोपायच्या खोलीत पलंगावर बसून बाळासाठी विणलेले मोजे जोडीजोडीने लावत होती. त्याने बूट काढले, हात धुतले, कपाळावर पाणी घेतलं आणि पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बसला. ती कालच्या धास्तीने त्याच्याकडे पाहीना. मोज्यांच्या गुंडाळ्या करत राहिली.

"आज थोरलीने अंडं घातलं," तो म्हणाला.

तिचे हात थांबले. "कुणी?"

"थंड कपाटात एक आहे. मी तिला थोरली म्हणतो."

"नावं द्यायला लागलात त्यांना?"

"हिलाच."

"केव्हापासून?"

"बरेच दिवस झाले."

"बोलला नाहीत कधी," ती म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. मापात जेवढं आलं तेवढं तिने वाचून दाखवलं. त्याने मान हलवली. पुढचं सगळं ओठांवर होतं, की तिला खायला कमी पडायचं, की त्यात माझाच हात होता, की तरी तिने वाचवलं, की बाई म्हणाल्या इथे काही घडत नाही आणि मला ते लागलं. पण त्याने तेवढ्यावरच ठेवलं. एकच थेंब, आणि वर अर्धा.

"मोठं आहे अंडं," तो म्हणाला. "आत पिवळं तेल दिसतं."

एक मोजा सुटा राहिला होता, त्याचा जोडीदार सापडत नव्हता. ती बॅगेपाशी वाकली, आतलं उचकलं, थंडीचे कपडे बाजूला केले, आणि शोधता शोधता तळाशी हात घालून उशी ओढून काढली. दोनदा थापटली. पलंगावर आपल्या जागी ठेवली.

"मान अवघडते त्या गादीने," ती म्हणाली. "रविवारी सकाळी परत भरीन."

"भर की."

"मी जाणार आहे हो."

"माहीत आहे."

मोज्याचा जोडीदार तिच्या मांडीखालीच निघाला. तिने दोन्ही मिळून एक गुंडाळी केली, ती हातातल्या हातात जरा दाबून पाहिली. त्याने उशीकडे पाहिलं. ती कोणत्या बाजूला मांडायची, जमेला की नावे, ते त्याने ठरवलं नाही. तो उठला, गुडघे वाजले, आणि तो दारापर्यंत पोचला तेव्हा मागून तिचा आवाज आला. पुष्कळ दिवस न वापरलेल्या खोलीचं दार उघडावं तसा, थोडा अडकून.

"आणि मग? फुटलं का ते?"

"अजून नाही," तो म्हणाला. "थंडीत वेळ लागतो. उद्या बघून सांगतो."